हललेला फोटो आणि फाटलेला फोटो : एका शिक्षिकेच्या तीन प्रश्नांना उत्तर

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. भावाने वापरलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यांच्याकडे आलाय, सोबतची १८-५५ मिलिमीटरची लेन्सही आहे. पहिला प्रश्न : शाळेच्या खेळांत धावणारी मुलं आणि गड्ड्यातल्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, नंदीध्वजांच्या काठ्या, सगळं हललेलं येतं. मोबाईलवर बघताना बरं वाटतं, मोठं केलं की पुसट. दुसरा : ऑनलाइन माहिती भरताना फोटो १०० केबीच्या आत मागतात आणि कॅमेऱ्यातला फोटो निघतो ८ एमबीचा. तिसरा : स्नेहसंमेलनासाठी बारा बाय अठरा इंचांची प्रिंट करायला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, तर लॅबवाला म्हणाला, "मॅडम, फोटो फाटतोय."

ताई, हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मुळात एकच आहे. फोटो शेवटी किती मोठा बघितला जाणार, हे बटण दाबायच्या आधी ठरवायचं असतं. तुमचा फोटो मोबाईलवर चांगला आणि मोठा केल्यावर वाईट दिसतो, याचं कारणही तेच. फोटो पहिल्यापासून हललेलाच होता, लहान आकारात ते लपलं एवढंच.

हिशोब करून दाखवतो, एकदा डोक्यात बसला की पुन्हा लागणार नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच. समजा तुम्ही मैदानाच्या कडेला उभ्या आहात आणि चौकटीत डावीकडून उजवीकडे सहा मीटर जागा मावते. म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक मिलिमीटर. चौथीतला एखादा पोरगा शंभर मीटर वीस सेकंदांत पळतो, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. कॅमेरा ऑटोवर होता, त्याने शटर १/१२५ धरलं, म्हणजे ते सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापुरतं उघडलं. तेवढ्या वेळात पोरगा चार सेंटिमीटर पुढे सरकला, म्हणजे चेहऱ्याची कड चाळीस पिक्सेलभर पसरली. नाक, डोळे, सगळं त्यात गेलं. शटर १/५०० केलं तर दहा पिक्सेल, १/१००० केलं तर पाच.

आता हाच फोटो लहान करून १२०० पिक्सेल रुंद केला, म्हणजे पाचपट आवळला. १/५०० चे दहा पिक्सेल तिथे दोनच उरतात, ते कुणाला दिसत नाहीत. १/१२५ चे चाळीस मात्र आठ उरतात आणि दिसतात. म्हणून ग्रुपवर टाकायला १/५०० पुरतं. भिंतीवर बारा-अठरा लावायचा असेल तर १/१००० च्या खाली येऊ नका.

हे आडवं पळणाऱ्याचं झालं. पोरगा तुमच्याकडे तोंड करून पळत येत असेल तर चौकटीत तो फारसा सरकत नाही, नुसता थोडा थोडा मोठा होत जातो. तिथे १/२५० वरही काम भागतं. म्हणून शर्यतीला मधे कडेला उभं राहण्यापेक्षा शेवटच्या रेषेच्या पलीकडे, जरा बाजूला, गुडघा टेकून बसा. चेहरे समोरून मिळतात, जिंकणाऱ्याचा आ वासलेला मिळतो, आणि शटरचीही सूट मिळते. फक्त फोकस सतत बदलत ठेवणारा लागतो. तो निकॉन आणि सोनीवर 'एएफ-सी' नावाने असतो, कॅननवर 'एआय सर्वो' किंवा नुसतं 'सर्वो'. तुमचा कॅमेरा बहुतेक एकदाच फोकस धरून बसणाऱ्या मोडवर असेल. तसं असेल तर पोरगा दोन पावलं पुढे आला की फोकस आउट. शिकाऊ लोक फोकस आउट झालेल्या फोटोलाही हललेलाच म्हणतात. फरक ओळखायची खूण अशी : हललेल्या फोटोत पुसटपणाला दिशा असते, रेघ ओढल्यासारखी. फोकस आउटमध्ये पोराभोवती सगळ्या बाजूंनी सारखं धुकं असतं, आणि मागचं झाड किंवा पुढचं गवत स्वच्छ दिसतं.

तिसराही एक प्रकार आहे, तुमचाच हात हलला. त्यात पळणारा पोरगा आणि मागची भिंत दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसतात. बऱ्याच लेन्सवर ते कंपन थांबवायचं बटण असतं, पण ते तुमचा हात सांभाळतं, पोराचे पाय नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही.

कॅमेऱ्यावर काय करायचं? डायल शटर-प्राधान्यावर फिरवा. कॅननवर त्याला 'टीव्ही' लिहिलेलं असतं, बाकी बहुतेकांवर 'एस'. शटर १/१००० ठेवा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडून द्या. झालं. सोलापूरच्या उन्हाला प्रकाशाची कमी नाही. सकाळी दहाच्या उन्हात लेन्सच्या ५.६ च्या छिद्राला (आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं) आयएसओ २०० वरसुद्धा १/१००० आरामात मिळतं. अडचण होते ती मंडपात, हॉलमध्ये आणि संध्याकाळी. तिथे आयएसओ ३२०० किंवा ६४०० ला जाईल, फोटोत दाणे येतील. येऊ द्या. दाण्यांचा फोटो लहान केला की शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि दाणे बरेच कमी होतात. मात्र हललेला चेहरा कशानेही परत येत नाही. नवशिक्या माणसाला आयएसओची भीती कुणी घातली कोण जाणे. आमच्या रोलच्या दिवसांत आयएसओ चारशेचा रोल म्हणजे चैन होती, त्यामुळे असेल.

हॉलमधली नाचगाणी वारंवार काढणार असाल तर पैसे झूममध्ये घालू नका. ५० मिलिमीटरची १.८ ची साधी लेन्स घ्या. तुमच्या लेन्सच्या लांब टोकाच्या, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या, ५.६ पेक्षा ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे १/६० मिळत होतं तिथे १/५०० मिळतं.

आता काठ्यांकडे येतो. जानेवारीतली ती मिरवणूक, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. चाल तशी संथ असते, त्यामुळे माणसांना १/२५० पुरतं. पण काठी उंच, आणि खाली पेलणारा एक पाऊल टाकतो तेव्हा वरचं टोक कितीतरी जास्त झुलतं. म्हणून शेंड्यासकट काठी घ्यायची असेल तर १/५००, कॅमेरा उभा, आणि लांबून. जवळ जाऊन वर तोंड करून काढलेला फोटो सगळेच काढतात, त्यात काठी वाकडी दिसते आणि गर्दी गायब होते.

माझा सगळ्यात आवडता क्षण याच यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षतांचा. संमती कट्ट्यावर मंगलाष्टका चालू असतात, 'दिड्डम दिड्डम' म्हटलं की हजारो हात वर जातात. पहिल्या वर्षी मी १/१२५ वर काढलं. अक्षता कुठे दिसतच नव्हत्या, फोटोभर बारीक पांढरे ओरखडे, जणू निगेटिव्हवर कुणी नख मारलंय. पुढच्या वर्षी १/१००० वर काढलं, तर दाणा न् दाणा हवेत लटकलेला. नंतर मला त्यातली गोम कळली. वर फेकलेला दाणा सगळ्यात वर पोचतो तिथे क्षणभर थांबतो, मग खाली येतो. त्या क्षणी शटर कमी असलं तरी चालतं. हात वर गेला रे गेला की बटण दाबायचं नाही. हात मोकळा झाला, मनात एक मोजलं, आता दाबा. झोक्यावरचं पोर, उडी मारलेला कबड्डीपटू, लेझीम वर नेलेली मुलगी, सगळ्यांना हा थांबा असतो. तो ओळखायला आला की निम्मं काम झालं.

पळणाऱ्याच्या अंगातही असे थांबे असतात. जमिनीवर टेकलेलं पाऊल त्या क्षणी स्थिर असतं, आणि पुढे येणारं पाऊल अंगाच्या जवळपास दुप्पट वेगात असतं. म्हणून धड स्वच्छ आणि एक पाय पुसट असा फोटो आला तर तो बिघडलाय असं समजू नका, पळणं तसंच असतं. घोड्याचं तर विचारूच नका. आपल्या जिल्ह्यात पुरंदवड्याला, बाजीराव विहिरीला पालखीचं रिंगण लागतं. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा एकेकाळी वादाचा विषय होता. डोळ्याला ते दिसत नाही. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावले आणि दाखवून दिलं की सुटतात, आणि तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. रिंगणात माउलींचा अश्व तुमच्या समोरून जाईल तेव्हा १/१६०० वर सलग दहा-बारा फोटो ओढा, त्यात तुम्हालाही ते एकदा तरी मिळेल. फ्लॅश मात्र मारू नका, घोडं बुजतं.

थांबवलेला घोडा कधी कधी पुतळ्यासारखा दिसतो. मग उलटं करायचं. शटर १/६० ला आणायचं, घोड्याच्या डोळ्यावर कॅमेरा धरायचा आणि त्याच्याबरोबर कमरेतून वळत जायचं, वळता वळता बटण दाबायचं, दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. घोडा बऱ्यापैकी स्वच्छ, मागची गर्दी रंगांच्या पट्ट्या. दहातला एक जमतो. यासाठी रिंगणाची वाट बघू नका. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात फूटपाथवर उभं राहून रिक्षांवर सराव करा, दोन रविवारांत हात बसतो. माझा असाच बसला, रिक्षावाले हसायचे.

रात्रीच्या गड्ड्याची एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकाल. स्टॉलवरचे बरेच एलईडी दिवे डोळ्याला दिसत नाही असे लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला शंभर वेळा. तुम्ही १/१००० वर सलग फोटो काढले की एक उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवा पट्टा. शटर १/१०० किंवा १/५० ला आणा, पट्टा जातो. मग हालचाल थांबणार नाही हे खरं, तर ती थांबवूच नका. मोठा पाळणा फिरतोय, कॅमेरा कठड्यावर टेकवा, अर्धा सेकंद उघडा ठेवा, दिव्यांची चक्रं मिळतात. शोभेच्या दारूकामालाही तेच : तिवई, आयएसओ १००, छिद्र ११, तीन-चार सेकंद.

आता आकार. या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ आहे, कारण लोक तीन वेगळ्या गोष्टींना 'साइज' म्हणतात : फोटो किती पिक्सेलचा, फाईल किती केबीची आणि कागद किती इंचाचा. तुमच्या लॅबवाल्याने पहिली गोष्ट सांगितली, फॉर्म दुसरी विचारतो.

बारा-अठराच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५४०० बाय ३६०० लागतात. तुमच्या कॅमेऱ्यात ६००० बाय ४००० आहेत, भरपूर झाले. मग फाटला का? तुम्ही लॅबवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला म्हणून. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आवळतं. अठरा इंचांवर पसरल्यावर इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात. मग चेहऱ्याच्या कडेला पायऱ्या दिसतात, केस मेणासारखे होतात. त्यालाच आम्ही फाटला म्हणतो. तोच फोटो चार-सहाला दिला असता तर इंचाला २६६ मिळाले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. प्रिंटसाठी पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

काही डीटीपीवाले अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये 'इंचाला ७२ पिक्सेल' हा आकडा ३०० करून देतात आणि "आता हाय रिझोल्यूशन झाला" म्हणतात. तो आकडा म्हणजे नुसती चिठ्ठी. पिक्सेल तेवढेच राहतात. फ्लेक्सचं गणित वेगळं. चौकातला फ्लेक्स लोक वीस-तीस फुटांवरून बघतात, तिथे इंचाला ७२ सुद्धा पुष्कळ होतात.

आता १०० केबी. इथे सगळे एकच चूक करतात. पिक्सेल तसेच ठेवून दर्जाची पट्टी खाली खाली ओढतात. ६००० पिक्सेलचा फोटो १०० केबीत कोंबला तर त्याचे चौकोन चौकोन होतात, कारण जेपेग फोटोचे आठ बाय आठचे तुकडे पाडून प्रत्येकातला तपशील टाकत जातं. क्रम उलटा हवा. आधी नको असलेलं कापा, मग लांब बाजू १००० पिक्सेल करा, आणि शेवटी दर्जा ७०-७५ ला ठेवून साठवा. तरी जास्त भरला तर आधी बाजू ८०० करा, दर्जा नंतर उतरवा. गर्दीचा, झाडाच्या पानांचा फोटो लवकर आवळत नाही, मोकळ्या आभाळाचा लगेच आवळतो. त्यामुळे एका फोटोला चाललेला आकडा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

लहान करताना लांबी-रुंदीचं प्रमाण कुलूपबंद ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये साखळीचं चित्र असतं ते जोडलेलं राहू द्या. बँकेच्या परीक्षांच्या अर्जांत २०० बाय २३० पिक्सेल मागतात. आपला पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. तो न कापता तसाच २०० बाय २३० मध्ये ताणला की चेहरा बारा टक्के रुंद होतो. नेट कॅफेतून भरलेल्या फॉर्मांवर अर्धं सोलापूर गुबगुबीत दिसतं ते यामुळेच. वरून-खालून थोडं कापा, ताणू नका.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालू नका. शाळेच्या संगणकावर इरफानव्ह्यू टाका, घरगुती आणि शाळेच्या वापराला फुकट आहे. त्यात 'बी' दाबलं की गठ्ठ्याने काम करायची खिडकी उघडते, दोनशे फोटो एकदम १००० पिक्सेलचे करता येतात. फक्त निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. यावर मी जरा आवाज चढवून बोलतो, कारण मी हात पोळून घेतलाय. डिजिटल नवीन होतं तेव्हा एका लग्नाचे फोटो मी नेटवर टाकायला ८०० पिक्सेलचे केले आणि मूळ फाईलवरच साठवले. पाच-सहा वर्षांनी त्या घरचे लोक आले. नवरीचे आजोबा वारले होते, नातीच्या डोक्यावर हात ठेवलेला त्यांचा एक फोटो होता, तो भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. माझ्याकडे ८०० पिक्सेल होते. मी पाच-सातची करून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून लहान केलेल्या प्रत्येक फाईलच्या नावापुढे 'लहान' लिहितो. तुम्हीही लिहा.

अजून एक, खास आपल्या गावची अडचण. तुमचे कुणी नातेवाईक चादरी-टॉवेलच्या धंद्यात असतील तर त्यांना सांगा. चादरीचं बारीक विणकाम फोटोत घेतलं आणि फोटो लहान केला की कापडावर नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात, कधी रंगीतही. गिऱ्हाईक म्हणतं, डिझाइन वेगळंच आलं. विणीच्या रेघा आणि पिक्सेलच्या रेघा एकमेकांवर अडकतात, म्हणून ते होतं. उपाय सोपा आहे : लहान करण्याच्या आधी फोटो अगदी किंचित मऊ (ब्लर) करायचा, लहान करताना 'लँक्झोस' किंवा 'बायक्यूबिक' पद्धत निवडायची, धार (शार्पन) लावायची ती सगळ्यात शेवटी. शाळेच्या फोटोंनाही शेवटी थोडी धार लावाच, लहान केल्यावर प्रत्येक फोटो जरा बसका होतो.

प्रिंटच्या प्रमाणाचंही लक्षात ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन, तो चार-सहाला आणि बारा-अठराला न कापता बसतो. मोबाईलचा चारास तीन असतो, तो कापावा लागतो, आणि लेझीमच्या रांगेतल्या मुलींचे पाय जातात. मोबाईलने काढताना वर-खाली जागा सोडून काढा.

शेवटी, तुम्ही नमुन्याला पाठवलेला तो लेझीमचा फोटो. तुम्ही लिहिलंय, हललाय, काढून टाकू का? काढू नका. शटर १/६० ला होतं हे दिसतंय. पुढच्या मुलीचे पाय रोवलेले आहेत, चेहरा जवळपास स्वच्छ आहे, लेझीम आणि दोन्ही हात पुसटून पंख्यासारखे झालेत. मागची पोरं मात्र नुसती धूसर आहेत, ती डावीकडून कापा. कापल्यावर साधारण ३६०० बाय २४०० उरेल, म्हणजे आठ-बाराची प्रिंट इंचाला ३०० ने निघते. बारा-अठरा करू नका, तिथे डोळे मऊ दिसतील. मूळ फाईल पेनड्राइव्हवर द्या, आणि लॅबवाल्याला सांगा की हातांवर धार लावू नको.